बिशप नसलेलं चर्च

मंडळी, सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगला कधी बसलाय? काँग्रिगेशनल चर्चचा कारभार साधारण तसाच. वर बिशप नाही, हायकमांड नाही. पाद्री कोण नेमायचा, पैसा कुठे खर्च करायचा, सगळं सभासदच ठरवतात. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच पंथाचे.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन हाइट्सला यातलंच एक प्लिमथ चर्च आहे. १८४७ मध्ये २१ जणांनी सुरू केलेलं. साधी विटांची इमारत, उंच मनोरा वगैरे काही नाही. आत बाक अर्धगोलात, नाट्यगृहासारखे. पहिले पाद्री हेन्री वॉर्ड बीचर, म्हणजे त्या काळचे सुपरस्टार वक्ते. जागेसाठी इतकी झुंबड की बाकांचा दरवर्षी चक्क लिलाव व्हायचा!

याच सभागृहात आणखी एक लिलाव झाला. फेब्रुवारी १८६० मध्ये बीचरनी पिंकी नावाची नऊएक वर्षांची गुलाम मुलगी लोकांपुढे उभी केली आणि तिची किंमत चुकवायला वर्गणी मागितली. नऊशे डॉलर जमले, ताटात एक अंगठीही पडली. बीचरनी ती पिंकीच्याच बोटात घातली. पोरगी स्वतंत्र झाली.

इथवर वाचून छान वाटतं ना? पण पुढचं ऐका. १८७४ मध्ये बीचर आणि एलिझाबेथ टिल्टन या विवाहित सभासद बाईंच्या संबंधांचं प्रकरण पेटलं. बाई तेव्हा नाही म्हणाल्या. चर्चच्या कमिटीने बीचरना निर्दोष ठरवलं. बाईंच्या नवऱ्याने कोर्टात खेचलं, तिथे १८७५ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही. १८७८ मध्ये बाईंनी संबंध होते अशी जाहीर कबुली दिली, तर चर्चने त्यांनाच काढून टाकलं. बीचर मात्र १८८७ मध्ये मरेपर्यंत पाद्री!

तीच इमारत, तेच पाद्री आणि बरेचसे सभासदही तेच असणार. अनोळखी मुलीसाठी खिसे रिकामे करणं जमलं, पण लाडक्या माणसाला जाब विचारणं जमलं नाही. आपल्या सोसायट्यांत, मंडळांत काय वेगळं होतं म्हणा! वर्गणी पटकन निघते, अध्यक्षांना प्रश्न विचारायची वेळ आली की सगळे मोबाइलमध्ये.

१९२७ मध्ये चर्चच्या ऐंशीव्या वर्धापनदिनाला म्हातारी पिंकी परत आली, मानाने. एलिझाबेथबाई १८९७ मध्येच गेल्या होत्या.

वर बिशप नसला की दोन्हींचा हिशेब सभासदांच्याच नावावर.