एका खरखरीत शब्दाचा धडा

शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा आणि उपयोग व्यवहारांत शिकावा, असें आम्ही वर्गांत वारंवार सांगत आलों आहों. परंतु या उपदेशाचा उत्तरार्ध आम्हांस एका विद्यार्थ्याच्या वहीनें शिकविला. तो प्रसंग बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावा, असें वाटतें.

शब्द होता 'कोर्स'. अभ्यासक्रम या अर्थीं जो 'कोर्स' आपण नित्य ऐकतों, तो हा नव्हे. उच्चार एकच, मात्र त्याच्या लेखनांत 'ओ'नंतर 'यू' येतो, तर याच्या लेखनांत 'ए'. याचा अर्थ जाडाभरडा, खरखरीत. 'रफ' हा याचाच भाऊबंद. पण दोघांत भेद आहे. ज्याचा पृष्ठभाग खडबडीत, उंचसखल, तें 'रफ'. जसें झाडाची साल किंवा खाचखळग्यांचा रस्ता. ज्याचे कण मोठे किंवा ज्याचा धागा जाड, तें 'कोर्स'. जसें खडेमीठ, जाड वाळू, गोणपाट. सुताराच्या पॉलिश पेपरचें उदाहरण घ्या. ४० नंबरचा कागद 'कोर्स', ४०० नंबरचा मऊ. कारण नंबर लहान तितका कण मोठा. हाताच्या त्वचेस मात्र दोन्ही विशेषणें शोभतात.

येथवर सर्व सुरळीत आहे. परंतु हेंच विशेषण वस्तूस न लावतां माणसास लावलें, कीं त्याचा अर्थ पालटतो. 'कोर्स' विनोद म्हणजे ग्राम्य विनोद, आणि 'कोर्स' मनुष्य म्हणजे असभ्य मनुष्य.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत आम्हीं हा शब्द वाक्यांत योजावयास सांगितला. वह्या गोळा करून एकेक वाक्य आम्ही मोठ्यानें वाचूं लागलों. मागच्या बांकावरील एका अबोल मुलाची वही हातीं आली. 'माय मदर इज कोर्स', इतकें वाचलें मात्र, पुढील बांकांवरील हुशार मुलें खो खो हंसलीं. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हंसलों. आणि पुढें न वाचतांच वही मिटून दुसरी उचलली. तो मुलगा खालीं मान घालून बसून राहिला.

रात्रीं वह्या तपासतांना तेंच वाक्य पुनः समोर आलें. तें तेथें संपलें नव्हतें. खालच्या ओळींत त्याचा उरलेला भाग होता: 'बिकॉज शी वर्क्स.' त्याची आई चार घरचीं धुणींभांडीं करीत असे, हें आम्हांस ठाऊक होतें. फीच्या पावतीवर सही करतांना तिचीं भेगाळलेलीं बोटें आम्हीं पाहिलीं होतीं. मुलानें 'हात' हा एक शब्द गाळला होता. आम्हीं तर अर्धें वाक्यच गाळलें होतें. तांबड्या शाईची लेखणी हातांत तशीच राहिली.

मग आम्हीं मोठा कोश उघडला. विद्वानांच्या मतें हे दोन्ही 'कोर्स' बहुधा मूळचे एकच. नित्यक्रमांतलें, साधें, नेहमींच्या वापराचें, असा याचा पूर्वींचा अर्थ. असें साधें कापड जाडेंभरडें असे, म्हणून शब्दास जाडेपणा चिकटला. आणि पुढें जाड्याभरड्या वस्त्रांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनीं त्यास असभ्यपणाही चिकटविला. आपल्याकडेही असेंच घडलें आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांस सरकारी इंग्रजींत 'कोर्स सीरियल्स', म्हणजे भरड धान्यें, म्हणत. एप्रिल २०१८ मध्यें केंद्र सरकारनें राजपत्रांतून त्यांस पौष्टिक धान्यें असें नांव दिलें, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हें वर्ष त्यांच्या नांवें पाळलें. भाकरी पूर्वीं होती तीच राहिली. बदलली ती खाणाऱ्याची दृष्टि.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत तें वाक्य पूर्ण वाचून दाखविलें. काल आम्हीं तें अर्धेंच वाचलें व त्यावर हंसलों, ही आमची चूक होती, असें सर्वांसमक्ष सांगून त्या मुलाची क्षमा मागितली. वर्गांत कोणी हंसलें नाहीं. मग फळ्यावर शब्दाचे दोन्ही उपयोग लिहिले आणि त्यासच म्हटलें, "बाळ, आतां हें वाक्य तूंच दुरुस्त कर."

तो उठला, खडू घेतला, आणि सावकाश अक्षरांत त्यानें लिहिलें: 'माय मदर्स हँड्स आर कोर्स बिकॉज शी वर्क्स.'

वहींत त्या वाक्यास आम्हीं पूर्ण गुण दिले. शेरा कांहीं लिहिला नाहीं.