सी ड्राइव्हमध्ये काय आहे?

‘भाऊ, विंडोज मारून द्या,’ म्हणत माणूस सीपीयू काउंटरवर ठेवतो आणि चहाला निघतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे अर्ध्या तासाचं काम समजलं जातं. समज अगदीच खोटा नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली विंडोज, मशीन सुरू होताना डेलला एफ-१२ किंवा एचपीला एफ-९ दाबायचं. पुढचं मशीनच करतं. वेळ जातो तो त्याआधीच्या विचारपुशीत, आणि ती टाळणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

‘सी ड्राइव्हमध्ये काय आहे?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘काही नाही जी, सगळं डीमध्ये आहे.’ मग डेस्कटॉप उघडायचा. तिथे गावच्या ठरावांपासून पोरीच्या जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं पसरलेलं असतं. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच मोडतो, हे त्या माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं.

त्याहून घातक गोष्ट फाँटची. २००९ साली मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतःच विकू लागल्या. म्हणजे तेंदू जमा होतो त्या फळीवरचा पुड्यांचा हिशेब, कोणाला किती मजुरी, किती बोनस, हे कॉम्प्युटरवर आलं. टाइप करणारा पोरगा टायपिंगच्या क्लासात कृतिदेव शिकलेला, त्यामुळे फायलीही कृतिदेवमध्ये. या फाँटमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, तर फायलीत प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरंच साठतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फाँट. आणि फाँट राहतो सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये. सी फॉरमॅट झाला की डीमधली फाइल शाबूत, पण उघडली की नुसती इंग्रजी बाराखडी. लोक समजतात व्हायरस लागला. म्हणून मी आधी फाँटचं अख्खं फोल्डर उचलून घेतो, मग बाकीचं.

पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला की तिथे सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. दिसतं ते डिस्क शून्य, पार्टिशन एक, दोन, तीन आणि पुढे आकार. कोणता किती जीबीचा, हे आधी कागदावर लिहून ठेवलं नसेल तर डिलीटवर बोट ठेवू नये. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर सामानाची डिस्क मी केबल काढून बाजूलाच ठेवतो. घाईत भलतीच डिस्क पुसली गेलेली मशीनं दुरुस्तीला येतात, आणि त्यांतलं सगळं परत मिळेल असं कोणाला सांगता येत नाही.

दुकान सोडून भामरागड किंवा एटापल्लीकडे कामाला जायचं असेल तर दुसरा पेन ड्राइव्ह ड्रायव्हरचा. विंडोज टाकली आणि नेटवर्कचा ड्रायव्हरच नाही, तर तो इंटरनेटवरून उतरवायचा कसा? आणि खिशात एक बटण-सेल. मदरबोर्डवरचा सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, तारीख चुकली की सरकारी साइट उघडत नाहीत, आणि दोष जातो विंडोजच्या माथी. पन्नास रुपयांच्या आतल्या सेलसाठी कितीतरी मशीनं उगाच फॉरमॅट होतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर. इकडच्या कचेऱ्यांतल्या जुन्या आय-थ्रींना ती रीतसर बसत नाही. आडवाटेने बसवता येते, पण दुसऱ्याच्या हिशेबाच्या मशीनवर मी तो उद्योग करत नाही. नुसतं टायपिंग आणि हिशेब असेल तर लिनक्स मिंट टाकून देतो. कृतिदेवचा फाँट तिथेही चालतो. अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन असेल, तर मात्र त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का, ते आधी पाहावं लागतं.

तेव्हा मशीन दुकानात आणाल तेव्हा प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहून आणा, टोकन आणि त्याचा पासवर्ड जवळ ठेवा, आणि रोज टायपिंग करणाऱ्या पोराला सोबत घेऊन या. चहा इथेच मागवू.