बाबांचा कीस

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारणही तसंच आहे.

बाबांनी २०२३ मध्ये कोल्हापूरचं वर्कशॉप बंद केलं. लेथ विकले, शटर ओढलं. मला मात्र एक गोडेतेलाचा डबा पाठवला. आत शेवटच्या जॉबचा अॅल्युमिनियमचा कीस. सोबत चिठ्ठी : "भंगारवाल्याला दिला नाही. तुझ्या मशिनला चालतो का बघ."

माझं मशिन म्हणजे लॅबमधलं फ्रिक्शन एक्स्ट्रूजनचं. आईला ते मी असं समजावलं होतं : सोऱ्यात पीठ भरायचं, वरून दाबायचं, चकली बाहेर. अॅल्युमिनियमचं नेहमीचं एक्स्ट्रूजनही तसंच, फक्त ठोकळा आधी तापवून घेतात. आमच्या सोऱ्याची चकती मात्र दाबता दाबता स्वतःच गरागरा फिरते. त्या घर्षणानेच धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. चकतीखाली कणकेसारखा तिंबला जातो आणि मधल्या भोकातून तार होऊन बाहेर येतो. ही कल्पना इंग्लंडमधल्या टीडब्ल्यूआय या संस्थेची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगही तिथलंच, १९९१ चं.

कीस भट्टीत वितळवला तर बराचसा ऑक्साइड होऊन मळीत जातो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा. इथे वितळवणंच नाही.

तर मी बाबांचा कीस भरला आणि तार काढली. दिसायला चकचकीत, सरळ. म्हटलं, जमलं! मग तुकडा कापला, पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली ठेवला... आणि पोटात गोळा आला. काळ्या ठिपक्यांच्या रांगा, गोगलगाईच्या शंखासारख्या वळत गेलेल्या. कीस नीट जुळलाच नव्हता. लेथचं कूलंट आणि तेल तसंच राहिलं होतं, शिवाय मी चकती फार हळू फिरवली होती.

त्याच तुकड्यात एका कोपऱ्यात सुंदर जागा होती. तेवढाच फोटो बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"बाकीचं कुठाय?"

"बाकीचं... तेवढं चांगलं नाही आलं, बाबा."

"मग तेच पाठव की. गिऱ्हाईकाला जॉबची चांगली बाजू वर करून दाखवणारा कारागीर मी कधी ठेवला नाही."

चाळीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला मी फसवायला निघाले होते. पाठवला सगळा फोटो.

दुसऱ्या वेळी कीस अॅसिटोनमध्ये धुतला, वाळवला, फेरे वाढवले. फार वाढवूनही चालत नाही. धातू जास्त तापला की तारेला चिरा पडतात. तार बाहेर येताच पाण्याने गार केली. या वेळी रांगा नव्हत्या. मूळ बारमधले कण शंभरेक मायक्रॉनचे होते, म्हणजे केसापेक्षा थोडे जाड. तारेत ते पाच-सहा मायक्रॉनवर आले होते. तिंबताना कणांच्या आत बारीक भिंती उभ्या राहतात, त्या वळत वळत पक्क्या होतात आणि एका कणाचे अनेक नवे कण होतात.

बाबांना सांगितलं. त्यांचा प्रश्न ठरलेला : "कण बारीक झाले, बरं. ताकद किती?"

इथे पुन्हा खरं सांगावं लागलं. तार बारपेक्षा मऊ निघाली होती. बारीक कणांनी ताकद वाढते, पण ६०६१ मिश्रधातूची खरी ताकद मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणिकांत असते. घर्षणाच्या उष्णतेत त्या विरघळून गेल्या होत्या. मग तार १७५ अंशांवर आठ तास ठेवली, तेव्हा कणिका पुन्हा तयार झाल्या आणि कडकपणा मूळ बारच्या जवळपास आला.

"म्हणजे मुरवावं लागतं," बाबा म्हणाले. "लोणच्यासारखं."

दिवाळीला घरी गेले तेव्हा वीतभर तार नेली. बाबांनी चष्मा वर केला, नखाने टिचकी मारली, वाकवून बघितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि ती मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवली. लेथ गेले, पण ती पेटी त्यांनी विकलेली नाही.

दोन्ही फोटो आता माझ्या टेबलासमोर लावलेत. वाईट वरती, चांगला खाली.