उष्टं वारं

गाडीच्या जाळीतून आत येणारी हवा एकच असते आणि तिच्यावर हक्क सांगणारे निदान तिघं. एसीचा कंडेन्सर, इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर, आणि गाडी टर्बोची असेल तर इंटरकूलर. हे तिघं बहुतेक वेळा एकाच्या पाठीला एक लावून रांगेत उभे असतात. पुढच्याने आपली उष्णता हवेत सोडली की तीच हवा मागच्याकडे जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रेडिएटरची कामं करणारे एक मामा आहेत, ते या हवेला ‘उष्टं वारं’ म्हणतात. मी पॉलिटेक्निकमध्ये हीट ट्रान्सफर शिकवते. इतकी वर्षं फळ्यावर तापमानांच्या फरकाची सूत्रं लिहिली, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता.

गाडी बाबांची. स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. २००८ साली त्यांनी ती जुनीच घेतली. फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवायचा त्यांचा छोटा धंदा होता, आणि आयुष्यात केलेली ही एकच चैन, असं आई अजून म्हणते (‘चैन’ म्हणताना तिचा सूर फारसा प्रेमळ नसतो). कंपनीने या गाडीचा इंटरकूलर उजव्या चाकाच्या पुढे, बंपरच्या कोपऱ्यात दिला होता. लहानसा, पण कुणाच्या वाटेत न येणारा. माझ्या धाकट्या भावाला त्याचं ते लहान असणं सलायचं. काही वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमधून टर्बोचा दाब वाढवून घेतला आणि समोर एक भलामोठा इंटरकूलर लावून घेतला. ६०० मिलिमीटर रुंद, ३०० उंच, ७६ जाड. बंपरच्या जाळीतून तो चांदीच्या ताटासारखा चमकायचा. पुढे भाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि ताट आमच्याकडे राहिलं.

या ताटाचं काम काय, ते सांगते. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो, तेच हे. बाहेर ४० अंश असताना हवा दुप्पट दाबावर नेली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा बाहेर पडते ती १३८ अंशांच्या आसपास. अशी हवा विरळ असते, म्हणजे ऑक्सिजन कमी. शिवाय पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके द्यायला लागण्याची भीती. मधे इंटरकूलर घालून तिला ७० अंशांपर्यंत आणलं की तेवढ्याच दाबाला घनता साधारण वीस टक्क्यांनी वाढते. म्हणून इंटरकूलर मोठा हवा, थंड हवेत हवा, सगळ्यांच्या पुढे हवा. भावाचं म्हणणं इतपत बरोबरच होतं.

पण त्यात एक गोष्ट सुटते. इंटरकूलरची गरज क्षणाची असते, रेडिएटरची सततची. पूर्ण ताकद लावली तर या इंजिनात सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा जाते आणि तिला वरच्या हिशेबाने थंड करायला सुमारे ७ किलोवॅट उष्णता काढावी लागते. पण पूर्ण ताकद लावून तुम्ही किती वेळ जाता? ओव्हरटेक करताना दहा सेकंद. तेवढ्यात इंटरकूलरचं धातूच बरीचशी उष्णता पिऊन घेतं आणि मग सावकाश सोडतं. रेडिएटरला अशी सवड नाही. चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन गाडी घाटात चाळीसच्या वेगाने चढत असेल, तर चाकांना तेरा-चौदा किलोवॅट लागतात, आणि पाण्यात जाणारी उष्णता तेवढीच किंवा जरा जास्त. म्हणजे बॉनेटखाली घरातले सात गीझर एकदम चालू, तेही घाट संपेपर्यंत. त्यात एसी चालू असला तर त्याची उष्णता वेगळी. आणि चाळीसच्या वेगात समोरून येणारा वारा असून असून किती असणार?

आमचं मूळ घर देवगड तालुक्यात. दर मे महिन्यात बाबांना तिथे जायचंच असतं. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, देवगड. जाताना उतार, त्यामुळे गाडी गप्प असते. येताना चढ. बाबांनी फाउंड्र्यांच्या धुळीत तीस वर्षं काढली, त्यांच्या फुप्फुसांत आता फारसं बळ उरलेलं नाही. दमट उकाड्यात त्यांना धाप लागते. एसीच्या कोरड्या गारव्यात ते नीट बसू शकतात, झोपूही शकतात. गेल्या वर्षी येताना करूळ घाटात आम्ही चिऱ्याच्या ट्रकमागे सापडलो. डॅशबोर्डचा काटा नव्वदवरच होता. या गाड्यांचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात नव्वदवरच चिकटून राहतो, चालकाला उगाच घोर नको म्हणून. ओबीडीच्या डोंगलवरून मोबाइलवर दिसणारा आकडा मात्र ११२ झाला होता. मग एसी बंद पडला. बिघडला नव्हता, पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की इंजिनाचा कंप्युटरच कॉम्प्रेसर तोडतो, इंजिन वाचवायला. इंजिन वाचलं. आम्ही एका वळणावर बॉनेट उघडून पाऊण तास उभे होतो, बाबा दार उघडं टाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते, आणि आई वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत होती.

त्यानंतर प्रत्येकाने उपाय सांगितला. मावशीचा: गाडी विका. घाटाखालच्या मेकॅनिकचा: थर्मोस्टॅट काढून टाका. (आपल्याकडे हा सल्ला इतका सर्रास मिळतो की थर्मोस्टॅट हा कंपनीने द्वेषाने बसवलेला भाग असावा असं वाटावं. तो काढला तर हायवेवर इंजिन कधी नीट तापतच नाही, आणि घाटातला प्रश्न आहे तिथेच राहतो.) बाबांचा: सगळं काढ आणि जुनं होतं तसं लाव. ते मलाही पटलं असतं, पण जुना इंटरकूलर त्या गॅरेजने परत दिलेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आयुष्यभर जे शिकवलं ते एकदा पत्र्यात करून बघायची मला हौस होती.

मामांच्या दुकानात बाहेरच ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे रेडिएटर उभे करून ठेवलेले असतात. तांब्या-पितळेचे, डाग देऊन जोडलेले. जाळी ही फार जुनी कारागिरी आहे. १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपीसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० नळ्या होत्या. मामांना मी हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “आन् गळत किती हुता?”

त्यांनी आमच्या गाडीचा बंपर उतरवला आणि एक उदबत्ती पेटवली. मला वाटलं पूजा करतायत. त्यांनी पंखा चालू करायला लावला आणि उदबत्ती जाळीच्या कडेकडेने फिरवली. धूर जाळीतून आत जायच्या ऐवजी बाजूच्या फटींतून सुर्रकन पळत होता. मोठा इंटरकूलर मावावा म्हणून त्या गॅरेजने रेडिएटरमागचं कंपनीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं होतं आणि दोन चपटे पंखे थेट जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधले होते. कव्हर नसलं की पंखा फक्त स्वतःच्या गोलाएवढीच हवा ओढतो; जाळीचे कोपरे कोरडेच.

“मॅडम, वारं लई आळशी असतंय,” मामा म्हणाले. “सोपी वाट घावली की जाळीतनं कशाला जाईल? आन् त्यात ह्यो समोर बसलाय. मागच्याला उष्टं वारं. मागचा कितीबी मोठा करा.”

मी दुप्पट जाडीचा रेडिएटर घालायचा विचार बोलून दाखवला होता, त्याला हे उत्तर होतं. ते गणितातही बसतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ४० वर असेल तर जाळीच्या तोंडाशी ५५ अंशांचा फरक असतो. आत जाता जाता हवा ७५ झाली की उरला २०चा. म्हणजे मागच्या नळ्यांनाही पुढच्या नळ्यांचं उष्टंच. शिवाय जाळी जितकी जाड तितकी हवेला अडवणार. जाडी वाढवून मिळतं थोडं, तोंडाचं क्षेत्रफळ वाढवून मिळतं पुष्कळ. पण तोंड गाडीच्या रुंदीएवढंच आहे.

तेव्हा प्रश्न मोठं काय लावायचं हा नव्हता, कुणाला कुठून हवा द्यायची हा होता. याची उत्तरं लोकांनी अनेक काढली आहेत. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्समध्ये इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि बॉनेटवरच्या नाकपुडीतून श्वास घेतो. पाइप आखूड राहतात, पण सिग्नलला थांबलं की खालच्या इंजिनाच्या उष्णतेने तो भाजतो. माझदा आरएक्स-७ वाले रेडिएटर आणि इंटरकूलर आडव्या पडलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके लावतात, दोघांना आपापली ताजी हवा. ती रचना मला फार आवडते, पण तिथे इंजिन लहान आणि मागे सरकवलेलं असतं. आमचं आडवं बसवलेलं इंजिन रेडिएटरच्या पाठीलाच टेकलेलं. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआयमध्ये हवा थंड करायला पाणीच वापरलंय. तो मार्ग उत्तम, पण त्याला वेगळा पंप आणि समोर आणखी एक छोटा रेडिएटर लागतो. म्हणजे रांगेत चौथा गिऱ्हाईक.

आम्ही केलं ते असं. ताट काढलं. ५५० रुंद आणि फक्त १४० उंच असा अरुंद इंटरकूलर बंपरच्या आडव्या बीमच्या खाली, खालच्या जाळीमागे, पुढे झुकवून लावला. त्याला स्वतःचं पत्र्याचं नाळकं दिलं, आणि मुख्य म्हणजे त्यातून निघणारी गरम हवा मागच्या रेडिएटरकडे न सोडता खाली वळवून गाडीच्या पोटाखाली काढली. रेडिएटरची खालची चार बोटं त्यामुळे झाकली गेली. ती सोडून दिली. उरलेल्या भागाला मात्र कुणाचं उष्टं नको, निदान इंटरकूलरचं तरी नको. कंडेन्सरचं चालवून घेणं भाग होतं. भावाला कळवून टर्बोचा दाबही थोडा खाली आणला. त्याने रडका चेहरा पाठवला.

रेडिएटर ॲल्युमिनियमचा करायचा होता, आणि इथे मामा हात झटकून बाजूला झाले. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. खालचा धातू ६६० अंशांना वितळतो, तो पापुद्रा दोन हजारांच्याही वर. साध्या डागाला तो जुमानत नाही. म्हणून जाळी तयार विकत आणली, दोन्हीकडच्या टाक्या तीन मिलिमीटर पत्र्याच्या वाकवून घेतल्या आणि मामांच्या भाच्याने आर्गनवर वेल्ड केल्या. भाचा दुधाच्या टाक्यांची कामं करतो, हात बाईच्या शिवणीसारखा. मामा शेजारी उभे राहून बघत होते. तांब्याचे रेडिएटर आता कमी येतात; आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टाक्या फुटल्या की लोक टाकून नवीन घालतात, दुरुस्त करायला कुणी आणत नाही. ते याबद्दल तक्रार करत नाहीत. वेल्ड गार झाल्यावर त्यांनी रेडिएटर उचलला, तोंडं बंद करून पाण्याच्या हौदात बुडवला, दोन बारची हवा भरली आणि मांडी घालून बसले. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा आला. थोड्या वेळाने तिथूनच दुसरा.

“काढ बाहीर,” ते भाच्याला म्हणाले. आवाजात थोडा आनंद होता, असं मला वाटलं.

बाकीचं काम चिकाटीचं होतं. रेडिएटर घट्ट बोल्टांनी न आवळता रबरी बुशांवर टेकवला, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने टाकीचे कोपरे चिरतात. इंटरकूलरच्या सव्वादोन इंची पाइपांच्या तोंडाला वळ उठवला, म्हणजे दाबाखाली होज निसटत नाही. मागे पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर आणि त्यात दोन पंखे. आणि सगळ्या फटींना फोमच्या पट्ट्या. खर्चाच्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू ती, आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगाची. शेवटी पुन्हा उदबत्ती फिरवली. धूर सरळ जाळीत शिरला.

मे महिन्यात देवगडला गेलो. परतीला मागे आंब्याच्या पेट्या, पुढे आई, मागच्या सीटवर बाबा उशी घेऊन आडवे. करूळ घाटात ट्रक अपेक्षेप्रमाणे होताच. मोबाइलवर ९६, मग ९९, १०१. पंखे मोठ्याने घोंघावायला लागले. १०३. मी कुणाला काही बोलले नाही, पण आई आकड्याकडेच बघत होती. हातातलं वर्तमानपत्र तिने गुंडाळून तयार ठेवलं होतं. १०३वर तो आकडा तीन-चार वळणं तसाच राहिला, मग १०२ झाला. एसी चालू होता.

मागून बाबांचा आवाज आला. मला वाटलं, झोपले असतील.

“अगं, गार वारं सगळं पुढं तुम्हीच खाताय. मागं काही पोचंना.”

आईने तिच्या बाजूची जाळी वर करून मागे वळवली.