वीतभर वायर
(एस. वाय. बी. ए.)

वस्तूंनाही नशीब असतं. काही वस्तू देवघरात बसतात, काही बैठकीत मिरवतात, तर काही जन्मभर राबूनही कुणाच्या खिजगणतीत नसतात. मोबाइल चार्ज करायची वायर ही या तिसऱ्या रांगेतली. मोबाइल घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो, हप्ते बांधून घेतो, वर शेजाऱ्यांना पेढेही देतो. वायर मात्र मेथीची जुडी उचलावी तशी एस.टी. स्टँडवरच्या टोपलीतून उचलतो!

यूएसबी हे तिचं नाव. जन्म १९९६ सालचा. संगणकाला माउस, प्रिंटर वगैरे जोडायला प्रत्येकाची निराळी खाच लागे. ती कटकट मिटावी म्हणून ती निघाली. ज्या मंडळींनी ती घडवली त्यांत अजय भट्ट हे प्रमुख, आणि त्यांची पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. सयाजीरावांवर आपण इतिहासाच्या पेपरात टीप लिहितो. पण त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाची करामत रोज आपल्या उशाशी असते, हे किती जणांना ठाऊक असेल? वीज वाहणं हे या वायरीचं मुख्य काम नव्हतंच. सुरुवातीला पाच व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपियर, म्हणजे अडीच वॉट, एवढीच तिची शिदोरी. २०२१ सालच्या नियमांनी हीच मर्यादा २४० वॉटवर गेली. जवळजवळ शंभरपट!

आता कलाशाखेच्या मुलीला या वॉट-अँपियरची उठाठेव कशाला, असं कुणीही विचारील. मलाही ती नव्हती. गेल्या माघात ती करणं भाग पडलं.

आमच्या शिवारात पंपाची वीज पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की अण्णा गव्हाला दारं धरायला जातात. हातात खोरं आणि मोबाइलची बॅटरी. पाटात पाय टाकण्याआधी उजेड टाकायचा, कारण पायाखाली काय येईल याचा नेम नसतो. तेव्हा संध्याकाळी मोबाइल चार्ज होणं ही आमच्याकडे चैन नव्हे.

एके संध्याकाळी अण्णांनी मोबाइल असाच चार्जिंगला लावून उशीखाली ठेवला होता. वायरीची मान फुटलेली, तिला चिकटपट्टीचं बँडेज. थोड्या वेळानं घरभर जळका वास सुटला. आईनं आधी बटण बंद केलं, मग गोधडी ओढत अंगणात नेली. आजीच्या लुगड्यांची ती गोधडी. तिला तळहाताएवढं भोक पडलं होतं. अण्णा फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "आजपासून घरात मोबाइल चार्ज व्हायचा नाही." मग मोबाइल पिठाच्या गिरणीवर जाऊ लागला. गिरणी बंद असेल त्या दिवशी अण्णा तसेच अंधारात जात, आणि आई पहाटेपर्यंत दाराकडे कान लावून जागी राही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई मला म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतेस, मग सांग की हे का झालं!" मी काय सांगणार? आमच्या साहित्यशास्त्रात नऊ रस आहेत. वायरीतून वाहतो तो त्यांतला कुठला?

शेवटी ती जळकी वायर घेऊन तालुक्याच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी ब्लेडनं ती सोलली. आत केसासारख्या तारा, त्यांतल्याही बऱ्याचशा तुटलेल्या. काका म्हणाले, "पोरी, प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. अर्ध्या अँपियरऐवजी दोन अँपियर गेले तर सोळापट. त्यात सगळा प्रवाह चार केसांतून जायला लागला, की तेवढीच जागा तापते. वर गोधडी, मग ऊब जाणार कुठे?"

मोठ्या चार्जरनं मोबाइल जळतो, हा आमच्या गावाचा समजही त्यांनी खोडून काढला. चांगला चार्जर पंगतीतल्या शहाण्या वाढप्यासारखा असतो. आग्रह करून पानात लोटत नाही. नव्या टाइप-सी चार्जरच्या तोंडाशी तर समोर कुणी जोडलं आहे याची खूण पटेपर्यंत व्होल्टच नसतात. मग आधी पाच, आणि मोबाइलनं मागितले तरच नऊ किंवा त्याहून जास्त. मात्र मधली वायरच खोटी निघाली तर सारा शिष्टाचार फुकट. २०१६ साली बेन्सन लेउंग हा अभियंता बाजारातल्या वायरी तपासत होता. एकीत धन आणि ऋण तारा उलट जोडलेल्या होत्या; तिनं त्याचा संगणकच निकामी केला.

त्याहून मोठा धोका चार्जरच्या डबीत असतो. तिच्या एका अंगाला २३० व्होल्ट, दुसऱ्या अंगाला पाच. दोहोंमधलं अंतर आणि आवरण नीट राखलं नसेल, तर भिंतीतली वीज थेट हातापर्यंत येऊ शकते. म्हणून डबीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षरापुढचा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघून घ्यावा, असं काकांनी बजावलं.

घरी येऊन मी अण्णांना हे पाण्याच्या भाषेत सांगितलं. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपियर म्हणजे धार. अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे बारक्या दांडात मोठ्या मोटरीचं पाणी सोडलं, आणि दांड फुटला होता तिथंच धुपला." जे समजायला मला दोन फेऱ्या पडल्या, ते त्यांना एका वाक्यात उमगलं!

आता आमच्या घराचे नियम ठरले आहेत. मान फुटलेली वायर चुलीपुढे नाही, कचऱ्यात. मोबाइल उशीखाली नाही, ओट्याच्या फरशीवर. भिजलेला मोबाइल पूर्ण वाळल्याशिवाय वायरीला लावायचा नाही. वायर काढताना दोरी ओढावी तशी ओढायची नाही, टोकाशी धरायची. नियम अण्णांनीच घातले, आणि पाळतात सगळ्यांत काटेकोर तेच.

शिक्षणानं घरात उजेड पडतो, असं आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. कुठला उजेड, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. मला वाटतं, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्यानं फार मोठं काही करायचं नसतं. घरात भीती शिरली तर तिच्यावर नुसतं हसायचं नाही आणि तिला शरणही जायचं नाही. तिची मान कुठे फुटली आहे तेवढं शोधायचं. अशा कामाला पदवी हातात पडेपर्यंत थांबावं लागत नाही.