अंगणातली छत्री

पॅटिओवरची छत्री घेताना लोक कापडाचा रंग बघतात, बुडाशी काय आहे ते फारसं कोणी बघत नाही. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात रँचो कुकामोंगाला राहतो. इथे बुडाकडे बघावंच लागतं, कारण काहोन खिंड आमच्या उशाशी आहे. साधारण ऑक्टोबर ते मार्च नेवाडा-युटाकडच्या वाळवंटावरची हवा या खिंडीतून खाली घसरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. हाच तो सांता आना वारा.

गेल्या वर्षी बाबा सहा महिने राहायला आले. मागच्या अंगणात दुपारी चहा आणि पेपर (आता टॅबलेटवर) हा त्यांचा कार्यक्रम. म्हणून नऊ फुटी छत्री घेतली. सोबतचं बूड ५० पौंडांचं, २० इंच व्यासाचं. उचलताना कंबर धरते, त्यामुळे वाटतं, हे कुठे हलतंय!

आता जरा गणित (कंटाळा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा). बूड कलंडतं ते कडेवर. मध्यापासून कड १० इंच, म्हणजे धरून ठेवणारा जोर ५० गुणिले १०, पाचशे. कापड जमिनीपासून सुमारे ९० इंचांवर. भागाकार करा. वर साडेपाच पौंडांचा आडवा रेटा, म्हणजे अडीच किलो, पुरे! ताशी ३० मैलांचा वारा चौरस फुटाला सव्वादोन पौंडांहून थोडं जास्तच दाबतो, आणि कापड साठेक चौरस फूट. त्यातला दहावा हिस्सा लागला तरी छत्री आडवी. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

त्यात एक गंमत आहे. दुपारचं ऊन पश्चिमेकडून, म्हणून छत्री पश्चिमेला झुकवायची. तिचा पोकळ भाग मग पूर्वेला उघडतो आणि सांता आना येतो ईशान्येकडून! सावली हवी तर शीड उभारा, असा सौदा.

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. २०१६ च्या जूनमध्ये व्हर्जिनिया बीचवर आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या गार्डन सिटीला, वाऱ्याने उडालेल्या छत्रीने एकेका बाईचा जीव गेला. आमच्या कुंपणापलीकडे तर दोन लहान मुलं खेळतात.

पाण्याने भरायचं बूड वाळूने भरलं तर साधारण दीडपट जड होतं, पण खरा फायदा रुंदीत आहे. बाबांनी हे गणित न करताच सांगितलं, "अरे, मांडववाले वजन ठेवतात का? खड्डा करतात."

मग पॅटिओच्या कडेला मातीत खड्डा करायचं ठरलं. खणण्याआधी ८११ ला फोन करायचा. गॅस, वीज, पाण्याच्या कंपन्यांकडून येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात, फुकट. घराच्या आतली, आपल्या मालकीची पाइपलाइन मात्र ते दाखवत नाहीत, ती आपण शोधायची. दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल. ८० पौंडी काँक्रीटच्या आठ पिशव्या लागल्या. बाबा खुर्चीतून "पाणी कमी घाल" म्हणत होते, आणि ते बरोबरच होतं. मधोमध नळी ओळंब्यात उभी केली. आता दांडा त्यात जातो आणि आरपार बोल्ट बसतो. जवळपास पावणेसातशे पौंडांचा ठोकळा, तोही जमिनीत रुतलेला.

एवढं झाल्यावर छत्री उघडीच ठेवता येईल असं बायकोला वाटलं. तसं नाही. बूड हललं नाही की वारा काड्या मोडतो. मोडू देत, उडण्यापेक्षा ते बरं. पण पानं सळसळायला लागली की मिटायची, पट्टा आवळायचा, आणि वाऱ्याचा इशारा आला की दांड्यासकट गॅरेजमध्ये. तो नियम बाबांनी स्वतःकडे घेतला होता, चहा अर्धा टाकून उठायचे.

छत्री आत असली की नळीच्या तोंडावर त्यांनी शोधून काढलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण बसतं. अगदी घट्ट.