ताईच्या पर्समधला कागद

हिंगणघाट,
शनिवार, रात्रीचे साडेनऊ

ती. ताईस,

दुपारी फोनवर तू विचारलंस, "अरे, तिकडे कोणती पिन लागते?" मी सांगायला तोंड उघडलं तर भाऊजी व्हिसाची झेरॉक्स शोधत आले, मग तुझा कुकर झाला, मग "बरं, ठेवते" म्हणून तू ठेवलासही. फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतेस आणि त्यातलं अर्धं भाऊजींना सांगतेस, म्हणून लिहूनच काढतो. हा कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेव.

आधी विचारलेल्याचं उत्तर. अमेरिकेत एडिसनला लेकीकडे साडेचार महिने आणि येताना लंडनला पुतण्याकडे पंधरा दिवस, म्हणजे तुला दोन पिना लागतील. अमेरिकेच्या बोर्डात दोन उभ्या चिरा असतात, खाली अर्थिंगचं गोल भोक. लंडनच्या बोर्डात तीन चौकोनी भोकं. आपली गोल पिन दोन्हीकडे बसत नाही. दोन्ही पिना मी पाठवतो आहे, बाजारात जाऊ नकोस. तिथे तुला सगळ्या जगाची म्हणून एक ढिली पिन देतील. तिच्यात काहीही बसतं आणि काहीच घट्ट बसत नाही. मग ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक पिवळं पडतं.

पण ही पिन फक्त भिंतीतल्या भोकाचा आकार बदलते. भोकातून येणारा दाब तोच राहतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. वीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतोय आणि एकदा मीच विसरलो होतो. गल्लीतल्या एकाचा मुलगा अमेरिकेहून परत आला, त्याने सोबत टोस्टर आणला होता. "काका, फक्त पिन बदलून द्या." मी वीस रुपये घेतले, पिन लावली आणि कौतुकाने दुकानातच चालू करून दाखवला. पाव टाकायच्या आधीच आतली तार लाल झाली, पांढरी झाली आणि तुटली. उलटा करून पाहिलं तर बुडाला छापलेलं, १२० व्होल्ट. तापणाऱ्या तारेला जवळपास दुप्पट दाब दिला की उष्णता दुप्पट होत नाही, पावणेचारपट होते. जन्मभर वायंडिंग करणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. वीस रुपये परत केले, टोस्टरचे वेगळे भरले. तो मुलगा अजून रस्त्यात भेटला की हसतो.

म्हणून तुझी बॅग भरायच्या आधी एक काम कर. चष्मा लाव आणि विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू उलटी करून बारीक अक्षरं वाच. मोबाईलच्या चार्जरवर "इनपुट १००-२४०" आणि "५०/६० हर्ट्झ" असं लिहिलेलं असेल. ते दिसलं की डोळे मिटून ने, तो चार्जर दोन्हीकडचं पचवतो. भाऊजींच्या कानाच्या यंत्राची डबी यूएसबीवर चार्ज होते, तिचा प्रश्न नाही. दाढीच्या ट्रिमरचं मात्र पाहा. आणि ज्यावर नुसतं २३० लिहिलंय ते कपाटात ठेव.

यात तुझी शेकायची पिशवी येते. रुसू नकोस. आपल्याकडची पिशवी तिथल्या दाबावर लावली तर पाव हिश्शाच्या आसपासच तापेल. गुडघ्याला शेक नाही आणि मनस्ताप मात्र पूर्ण. तिथे औषधाच्या दुकानात मिळते, लेकीला आणायला सांग.

आता मिक्सर. तो तू गुपचूप साड्यांत गुंडाळून ठेवला आहेस हे मला भाऊजींनी सांगितलं. बाळंतिणीची खसखस वाटायची आहे, डिंकाच्या लाडवाचं खोबरं करायचं आहे, सगळं मान्य. "हळू फिरेल इतकंच ना?" असं तू म्हणशील. ताई, दाब कमी पडल्याने जळलेल्या मोटरींवर तर माझं घर चालतं. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत सगळ्यांचे पंप एकदम चालू होतात, व्होल्टेज बसतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे मोटरसायकलवर बांधलेल्या मोटरींची रांग लागते. झाकण काढलं की जळक्या व्हार्निशचा वास. पंपाची मोटर वेगळी, मिक्सरची वेगळी, हे खरं. मिक्सरची अर्ध्या दाबावर लगेच जळणार नाही. पण भांड्यात ओलं वाटण असलं की पातं अडकेल, नुसतं घोंघावेल, आणि वीज चालू असताना अडकलेली मोटर तापतेच. दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मी करून देऊ शकतो, पण साडेसातशे वॉटचा तो डबा वरवंट्याएवढा जड होईल. विमानाच्या वजनात वरवंटा नेतेस का लोणचं, तू ठरव. एडिसनच्या आपल्या लोकांच्या दुकानांत आपल्याच कंपन्यांचे ११० व्होल्टवाले मिक्सर मिळतात.

तिथे गेल्यावर दोन-तीन गोष्टींनी गोंधळशील. बोर्डाला बटण नसतं, भोकात वीज कायम असते. पिन खुपसली की चालू, उपसली की बंद. दिव्याचं बटण उलटं, वर केलं की लागतो. मध्यरात्री बाळ रडलं की नेमकी आठवण होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. न्हाणीघरातल्या बोर्डावर दोन बारीक बटणं दिसतील. एक टेस्ट, दुसरं रिसेट. तिथली वीज अचानक गेली तर जावयाला कामावरून बोलावू नकोस, रिसेट दाब. थोडी जरी वीज भलतीकडे झिरपली की तो बोर्ड स्वतःच बंद पडतो. आणि चहाचं आधण उशिरा येतं म्हणून केटलीला दोष देऊ नकोस. तिथला साधा पॉईंट अठराशे वॉटच्या वर देत नाही, लंडनचा तीन हजारांपर्यंत देतो.

लंडनचा दाब आपल्यासारखाच आहे, तिथे फक्त आकाराची अडचण. गंमत म्हणजे आपली ही गोल तीन पायांची पिन त्यांचीच. १९३४ च्या त्यांच्या नियमात ती आहे. पुढे महायुद्धानंतर तांब्याची टंचाई झाली, तेव्हा एकाच तारेचं कडं घरभर फिरवून त्यावर सगळे पॉईंट द्यायचे असं त्यांनी ठरवलं. त्या तारेतून भरपूर करंट जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटातच फ्यूज आला, आणि पिन चौकोनी झाली. साल कोणतं? १९४७. इकडून जाताना जुनी पिन आपल्याकडे ठेवून गेले आणि घरी जाऊन नवी काढली. आपल्या वणाकाठचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जायचा, त्याबदल्यात आपल्याला ही पिन, असा हिशोब मी गिऱ्हाइकांना सांगतो. कुणी हसत नाही.

लंडनच्या बोर्डात आतून झडपा असतात, वरचा लांब पाय आत गेला की त्या उघडतात. पुतण्या आपल्या सवयीने वरच्या भोकात रिफिल खुपसून मोबाईलची दोन पायांची पिन बसवेल. त्याला माझ्या नावाने रागव. आणि तिथे न्हाणीघरात दाढीच्या मशीनपुरता पॉईंट सोडून बोर्डच नसतो, शोधत बसू नकोस.

तुझ्या भाचीने मला परवा सांगितलं, "बाबा, आता सगळं टाइप-सी झालंय, तुमच्या पिनांचं काय काम?" तिचं अर्धं बरोबर आहे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना तेच भोक सक्तीचं झालं. पण जगाची एक पिन झाली ती मोबाईलच्या बाजूने. भिंतीच्या बाजूने प्रत्येक जण आपल्या जागी अडून बसलाय. जपानात तर एकाच देशात अर्ध्या भागात ५० हर्ट्झ आणि अर्ध्यात ६०, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी टोकियोने यंत्रं जर्मनीची घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची. तेव्हा केबल इकडचीच ने आणि भिंतीतला चार्जर लेकीचा वापर. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत चालत नाही. तुझी वीस हजारांची आहे, ती ७४ वॅट-अवर भरते. शंभरापर्यंत नेऊ देतात.

हे लिहिताना सारखा तो लॅम्बटन साहेब आठवतोय. आपल्याच गावात पुरलाय, नागपूरकडे जाताना इथेच जानेवारी १८२३ मध्ये गेला. मद्रासपासून हिंदुस्थान मोजत निघाला होता. त्याचं अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र विलायतेहून येताना वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि नंतर सन्मानाने परत पाठवलं. तुझी बॅग फार तर दुसऱ्या विमानाने येईल. मला त्याचं आवडतं ते वेगळंच. उन्हाने पोलादाची साखळी लांबते म्हणून तो तिच्याजवळ थर्मामीटर ठेवायचा आणि मोजलेला आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करायचा. तिकडे केलेली साखळी इकडे तेवढीच भरेल असं त्याने धरून चाललं नाही. मी मात्र टोस्टर आधी उलटा करून पाहिला नाही.

तर पार्सलमध्ये काय आहे ते लिहितो. अमेरिकेची एक पिन, लंडनची एक, आणि तीन पॉईंटचा आपला साधा बोर्ड, वायर दीड मीटर, मी स्वतः जोडलेला. एका पिनमध्ये हा बोर्ड लावायचा आणि दोघांचे मोबाईल आणि कानाची डबी त्यावर. तापणारी एकही वस्तू त्यावर लावायची नाही, इस्त्रीसुद्धा नाही. बोर्डावरचा लाल दिवा अमेरिकेत मंद दिसेल किंवा दिसणारच नाही, त्याने घाबरू नकोस.

बोर्डाभोवती जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलंय, ते पॅकिंगचं समजून फेकू नकोस. आईच्या हिरव्या नऊवारीचं दुपटं आहे, हिने शिवलंय, चारपदरी. बाळासाठी. मशीनमध्ये टाकू देऊ नकोस, कापड जुनं आहे, हातानेच धुवायला सांग.

भाऊजींना नमस्कार, लेकीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा